डॉक्टर सांगतील

"तिथे टिकणार नाही तो, घसरेल," ती म्हणाली.

"घसरतोय कसा, बघतोच." नवऱ्यानं पिशवीतून काळी चिकटपट्टी काढली, दातांनी तोडली आणि फोन गाडीच्या डॅशबोर्डवर आडवा चिकटवून टाकला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला असल्या गोष्टीला वेळ लागत नाही. पडद्यावर त्यांचेच चेहरे आले. त्याचा पूर्ण, तिचा अर्धा.

"सरक इकडे."

ती सरकली. खांद्याला खांदा लागला. याआधी तो कधी लागला होता ते तिला आठवेना.

गाडी इमारतीच्या मागे, भिंतीला लागून उभी होती. थंडी होती म्हणून काचा वर होत्या. घरात बसून हे बोलणं शक्यच नव्हतं. दोन खोल्या, त्यात सासूबाई आणि तेरा वर्षांची मुलगी, जिला अभ्यासातलं सोडून सगळं ऐकू येतं. समुपदेशक बाईंनी आधीच कळवलं होतं की शांत जागा बघा, दार बंद होईल अशी. फोन चार्ज करून ठेवा. दोघंही पडद्यावर दिसाल असे बसा. दार बंद होईल अशी जागा त्यांच्याकडे एकच होती, आणि तिला चार दारं होती.

"चाकांत हवा भरून येतो," असं सांगून ते निघाले होते.

"हवा भरायला दोघं?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "एकानं फुंकायची आणि दुसऱ्यानं धरून ठेवायची की काय?"

तो हसला होता. तिला हसता आलं नव्हतं.

ती एका रुग्णालयात एक्स-रे काढायची. वीस-एक वर्षं ती शिशाच्या काचेमागून माणसांना सांगत आली होती, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. फोटो आधी तिला दिसायचा. हाड मोडलंय की नाही, फुप्फुसात सावली आहे की नाही, हे बहुतेक वेळा तिला डॉक्टरांच्या आधी कळायचं. पण सांगायचं नाही हा नियम होता, आणि तो बरोबरच होता. ती काचेमागून बाहेर आली की माणसं तिचं तोंड वाचायला बघायची. त्या तोंडावर काही लिहिलेलंच नसायचं. "डॉक्टर सांगतील," एवढंच ती म्हणायची. खात्यातले लोक तिला पाटी म्हणायचे. कोरी म्हणून. तिलाही त्या नावाचं काही वाटत नसे, उलट जरा अभिमानच वाटायचा.

या वर्षभरात घरातलं बोलणं गॅस, फी आणि सासूबाईंच्या गोळ्या एवढ्यावर आलं होतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, निदान आवाज तरी झाला असता. शेवटी तिनं इकडेतिकडे वाचून, विचारून या बाईंची वेळ घ्यायचं ठरवलं, आणि एका सकाळी तो दाढी करत असताना विषय काढला. तो नाही म्हणणार हे तिनं धरलंच होतं. घरची धुणी बाहेर कशाला, आपण काय वेडे झालो का, या सगळ्यावर तिची उत्तरं तयार होती.

तो आरशात बघत म्हणाला, "हो, करूया. कधी?"

तेव्हापासून तिची झोप उडाली होती. नवीन चप्पल घ्यायलाही महिनाभर लावणारा माणूस एका झटक्यात हो कसा म्हणाला? तिला तिच्या खोलीत येणारी माणसं आठवत राहिली. जी घाबरलेली असतात ती सतरा प्रश्न विचारतात. ज्यांना मनातून निकाल ठाऊक असतो ती काही विचारत नाहीत, मुकाट्यानं शर्ट काढून उभी राहतात.

आणि मग तिला बाकीचंही दिसायला लागलं. त्यानं मोरीचा नळ बसवला, जो दोन वर्षं ठिबकत होता. स्वयंपाकघरातलं ठिणग्या टाकणारं बटण बदललं. सासूबाईंच्या पलंगाला धरून उठायला कठडा केला. एका संध्याकाळी तो मुलीला जवळ बसवून फ्यूज कसा बदलायचा ते शिकवत होता. "मी कशाला शिकू? तुम्ही आहात ना," मुलगी म्हणाली. तो म्हणाला, "शिकून ठेव." ती दारात उभी होती. ओली कणीक हाताला तशीच वाळून गेली. माणूस जायला निघाला की घर आवरतो. हे तिला दिसलं, आणि सवयीप्रमाणे तिनं तोंडावर काही येऊ दिलं नाही.

फोन वाजला. पडद्यावर बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, मागे एक साधी भिंत.

"दिसतेय का मी? आवाज येतोय?"

"येतोय," दोघं एकदम म्हणाले.

"छान. गाडीत बसलात वाटतं. माझ्याकडे बरेच जण गाडीतच बसतात." बाई हसल्या. "पहिलीच भेट आहे, तर आधी थोडं सांगते. इथे कोण चूक कोण बरोबर हे मी ठरवत नाही. निकाल देत नाही. एक जण बोलताना दुसऱ्यानं ऐकायचं, आवडलं नाही तरी. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा म्हणायचं. आज सगळं बोलून व्हायला हवं असंही नाही. कोण सुरू करतंय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे पडद्यातल्या त्याच्याकडे. त्यानंही पडद्यातच तिच्याकडे पाहिलं असावं.

"मीच वेळ घेतली होती," ती म्हणाली. "यांना... ह्याला..." ती अडखळली. सासूबाईंसमोर ती त्याला अहो म्हणायची आणि दोघंच असताना तू. इथे दोघंच होते, पण दोघंच नव्हते.

"घरी म्हणता तसं म्हणा," बाई म्हणाल्या.

"घरी दोन्ही म्हणते ती," तो म्हणाला. "हल्ली काहीच म्हणत नाही."

बाईंनी ते ऐकलं आणि त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही यायला कसे तयार झालात?"

हाच प्रश्न. नको विचारू, असं तिनं मनात म्हटलं, ज्या बाईला ती आत्ता पहिल्यांदा बघत होती तिला.

तो चिकटपट्टीचं सुटलेलं टोक नखानं दाबत राहिला. मग म्हणाला, "मागच्या हिवाळ्यात मला खोकला होता. जाईना. ही मला तिच्याकडे घेऊन गेली, फोटो काढायला. हिनंच काढला. मला म्हणाली, श्वास घ्या, रोखून धरा. मला, अहो, 'घ्या'. मला हसूच येत होतं. मग ही बाहेर आली. मी विचारलं, काय दिसलं? तर म्हणते, डॉक्टर सांगतील."

"मग?"

"डॉक्टर सुट्टीवर होते. सोमवारी येणार होते."

ती आठवायला लागली. खोकला आठवला, फोटो आठवला. ते वाक्य आठवेना. हाताची घडी घातली हे जसं आठवत नाही, तसं.

"मी हिचं तोंड बघत होतो," तो म्हणाला. "घरी येईपर्यंत, जेवताना, झोपताना. काही नाही. म्हटलं, संपलं. काही नसतं तर बोलली असती ना? बायको आहे. रविवारी मी पोरीला सायकलवर मागे बसवून हिंडवलं. एवढी घोडी झालीय, तिचे पाय जमिनीला लागत होते. मैत्रिणी बघतील म्हणून लाजेनं मेली. पण मी काही ऐकलं नाही. म्हटलं, परत कधी."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी डॉक्टर म्हणाले काहीच नाही, साधा खोकला आहे, सिगारेट सोडा. मी सोडली. पण ते तोंड काही माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हा काही नव्हतं तरी असं तोंड. मग असेल तेव्हा कसं असणार? तसंच असणार. मला काय कळणार?" तो थांबला. "तेव्हापासून ही गप्प असली की मला वाटतं, हिला काहीतरी दिसलंय. आमच्यातलं. हिला कळलंय आणि ही सांगत नाही. मग त्या दिवशी म्हणाली, समुपदेशकांकडे जाऊया. मी म्हटलं, चला. आता डॉक्टर सांगणार."

ती त्याच्याकडे वळली, खऱ्या त्याच्याकडे. त्याच्या कानामागे सकाळी दाढी करताना राहिलेला साबण वाळला होता.

"म्हणून मी कंपनीलाही कळवून टाकलं," तो समोर बघतच म्हणाला. "दुसऱ्या गावी नवीन इमारती होतायत, तिथे कायमचा माणूस हवाय. मी जातो म्हणून सांगितलं. निकाल लागल्यावर त्याच घरात कोपरा धरून बसण्यापेक्षा..."

बाईंचा चेहरा तसाच राहिला. तोंड अर्धवट उघडं, एक हात चष्म्याकडे निघालेला. थोड्या वेळानं दोघांच्या लक्षात आलं की हे ऐकून त्या थक्क झालेल्या नाहीत. पडदा गोठला होता.

"गेली लाइन," तो म्हणाला. त्यानं बोटानं फोनवर टिचकी मारली, लिफ्टच्या बटणावर मारतात तशी.

आता गाडीत कोणी नव्हतं. विचारणारं, थांबवणारं, एक जण बोलताना दुसऱ्यानं ऐकायचं असं सांगणारं. तिला वाटलं, बाई परत येईपर्यंत गप्प बसावं. आजवरच्या आयुष्यात ती बसलीच असती.

"कधीपासून जायचंय?"

"पुढच्या महिन्यात."

"आईंना सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"त्या फोटोत काही नव्हतं," ती म्हणाली. "स्वच्छ होता. मी बघितला आणि काचेमागे भिंतीला टेकून उभी राहिले. मला सावली दिसणार असं वाटलं होतं. दिसली नाही. मग मी बाहेर आले."

"आणि म्हणालीस डॉक्टर सांगतील."

"सगळ्यांना तेच म्हणते."

"मी सगळ्यांतला का?"

एवढी वर्षं जिनं एकही फोटो उलटा लावला नव्हता, तिनं हा एक माणूस भलत्याच ढिगात टाकला होता, आणि टाकल्याचं तिला कळलंही नव्हतं.

"आणि आता?" तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "आता काय दिसतंय तुला? खरं सांग. वाईट असलं तरी चालेल. मी काय, आधीच तयारी करून बसलोय."

"मला काही दिसत नाही रे. मला फक्त भीती वाटते. तू तो नळ बसवलास ना, त्या दिवसापासून."

"नळाची भीती?"

"तू जाणार याची."

तो वळला. काही म्हणणार तोच पडदा हलला आणि बाईंचा हात चष्म्यापर्यंत पोचला.

"माफ करा हं, माझ्याकडचं नेट गेलं होतं. कुठे होतो आपण? तुम्ही म्हणत होतात, आता डॉक्टर सांगणार."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधलं सगळं पुन्हा सांगायला हवं होतं, आणि ते पुन्हा सांगण्यासारखं नव्हतं.

"आम्ही थोडं बोललो मध्ये," ती म्हणाली.

"अरे वा. मग बोला ना, मी नाही विचारत." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आज आपली वेळही होत आलीय. पहिल्या भेटीनंतर काही जणांना हलकं वाटतं, काहींना आणखी जड. दोन्ही होऊ शकतं, घाबरू नका. पुढच्या वेळी इथूनच सुरू करू. दोघं एकाच ठिकाणी असाल ना? नाहीतर दोन फोनवरून जोडतात, तसंही चालतं. मला फक्त आधी कळवा."

साधा, सोयीचा प्रश्न होता. तिनं वाट पाहिली, आणि तो बोलत नाही हे कळल्यावर म्हणाली, "माहीत नाही. पण मला एकाच ठिकाणी हवंय."

"बरं," बाई म्हणाल्या. पडदा बंद झाला.

गाडीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. दोन माणसांचा श्वास, बाहेरची थंडी, दुसरं काय होणार. इमारत दिसत नव्हती, भिंत दिसत नव्हती, बाजूनं कोणी चालत गेलं तर नुसता एक करडा डाग सरकायचा. त्यानं सीटखालचं फडकं काढलं आणि समोरची काच पुसायला घेतली. आधी स्वतःच्या बाजूची, मग वाकून, हात लांब करून, तिच्या बाजूची.

"उद्या कंपनीत विचारतो," तो काचेकडे बघत म्हणाला. "नाव मागे घेता येतं का. दुसऱ्या कुणाला तयार करता येतं का. बहुतेक नाही येणार. पत्र निघालंय म्हणे."

तिनं मान हलवली. मग मान हलवणं पुरेसं नाही हे तिच्या लक्षात आलं.

"विचार," ती म्हणाली.

एवढ्या एका शब्दात तिचा आवाज कापला. तिनं तो सावरला नाही, तोंडही खिडकीकडे फिरवलं नाही. काचेवर फिरणारा त्याचा हात मध्येच थांबला.