पाठीवरच्या सहा अटी

मित्रांनो, मी एक जुने कूपन आहे, जेवणाचे. माझी लांबी बारा सेंटीमीटर होती, आता नऊ उरली आहे. रुंदी सात. उजवीकडची कड दातेरी आहे. ती तशी का, ते पुढे सांगतो. माझ्या पोटावर लाल शाईत 'निम्म्या दरात भोजन' असे छापले आहे आणि खाली एका ताटाचे चित्र आहे. ताटात टम्म फुगलेली पुरी आहे. इतक्या वर्षांत ती खाली बसलेली नाही.

पाठीवर काळ्या शाईत सहा अटी आहेत. अक्षरे मुंगीएवढी. माझी गोष्ट खरे तर त्या पाठीची आहे.

बीडच्या एका छापखान्यात एका दुपारी आम्ही सहाशे भावंडे जन्मलो. मध्ये दोनदा वीज गेली. छापून झाल्यावर एका यंत्राने आमच्या अंगावर बारीक भोकांची एक उभी ओळ पाडली, म्हणजे वेळ आली की तेवढा तुकडा सहज फाडून घेता यावा. छापणाऱ्याने प्रत्येकाचे पोट उजेडात धरून पाहिले. पाठ कोणी पाहिली नाही.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. तालुक्याचा दूध संघ दर दिवाळीला सभासदांना बोनस देत असे. पण गायी आटल्या, संघाचे टँकर अर्धे रिकामे जाऊ लागले, आणि संघाने बोनसऐवजी आम्हाला वाटायचे ठरवले. एसटी स्टँडजवळ संघाचेच एक उपाहारगृह होते. एका कुपनावर तिथे दोन ताटे निम्म्या दरात मिळणार होती.

बीडहून पालीला जाताना अलीकडे लागणाऱ्या एका गावात दूध सोसायटीच्या ओट्यावर सचिव बद्रीनाथ आम्हाला वाटायला बसला.

"बोनस कुठंय?" कोणीतरी विचारले.

"ह्योच बोनस."

"मंजी आता ढोरापुढं कुपन टाकायचं का?"

"टाक की बे. पण मुदतीच्या आत टाक. एकतीस मार्च!"

ओट्यावर हशा पिकला. माझ्या आयुष्यात माझे एवढेच कौतुक झाले.

माझा सभासद बंकट त्या दिवशी हजर नव्हता. तो धारूरकडे कडबा बघायला गेला होता. तो असता तर ही गोष्ट घडलीच नसती, कारण बंकट म्हणजे सोसायटीचा वाचणारा माणूस. सकाळी दुधाचे माप होईपर्यंत तो ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असा पेपर वाचायचा. बातम्या, जाहिराती, हरवलेल्यांचे फोटो, आणि अगदी शेवटी पेपर कुठे छापला तो पत्ता. "अरे, पत्ता कावून वाचतो?" असे लोक विचारत. "छापलंय मंजी वाचायसाठीच ना?" असे तो म्हणे.

मला घ्यायला त्याची बायको कडूबाई आली होती. बद्रीनाथने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि मला तिच्या हातात दिले. "जपून ठेवा, वहिनी."

कडूबाईने मला जपले. तिची जपण्याची एक रीत होती. घरात आलेला प्रत्येक कागद ती दुधाच्या पासबुकात खळीने चिकटवत असे. पूर्वी एकदा गायीच्या विम्याची पावती वावटळीत उडून गेली होती, तेव्हापासूनची ही रीत. लसीची चिठ्ठी, डॉक्टरची चिठ्ठी, सगळी पासबुकात. तिने चिमूटभर ज्वारीचे पीठ घेतले, त्यात दोन चमचे पाणी घातले. टँकर चार दिवसांनी यायचा, तेव्हा चमचेही मोजून होते. पीठ शिजवून तिने खळ केली आणि माझ्या पूर्ण पाठीला, चारही कोपऱ्यांना, नीट फासली. मग मला पानावर दाबून वरून तळहात फिरवला.

सहाही अटी पानाला चिकटल्या. मी सांगू शकत नव्हतो. कागदाला जे माहीत असते ते त्याला बोलता येत नाही.

साडेचार महिने मी मिटलेल्या पासबुकात होतो. माझ्या समोरच्या पानावर रोजचे दूध लिहिले जाई. आधी आठ लिटर, मग साडेसहा, चार, अडीच. बंकटची गाय पवळी नावाची होती. जानेवारीत बिंदुसरा नदीवरचे धरण तळाला गेले आणि पालीजवळ चारा छावणी सुरू झाली. बंकट पवळीला घेऊन तिथे राहायला गेला. कडूबाई रोज भाकरी घेऊन जायची. पासबुक तिच्या पिशवीत असायचे, म्हणून मलाही सगळे ऐकू येई.

छावणीत चारा म्हणजे ऊस. तोही वाळका. फेब्रुवारीत एका सकाळी पवळी बसली, ती उठली नाही. डॉक्टर आला आणि गेला. दुपारी तिला ओढून नेले. समोरच्या पानावरचा शेवटचा आकडा त्या आधीच्या सकाळचा आहे. एक लिटर.

कडूबाई रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बादली घेऊन गोठ्यात गेली, जानेवारीपासून रिकाम्याच असलेल्या खुंट्यापुढे थांबली, बादली उपडी ठेवून परत आली. तिसऱ्या दिवशीही गेली. हाताला मुंग्या आल्यावर तो हात जसा आपला वाटत नाही, तशी ती स्वतःला वागवत होती.

बंकट मात्र छावणीतून घरी आलाच नाही. पवळीच्या दावणीजवळ बाज टाकून तो बसून राहिला. बोलत नव्हता. चहा पुढे केला तर प्यायचा. भाकरी फडक्यात तशीच राहायची. छावणीची देखरेख करणारे तात्याबा म्हातारे होते. ते कडूबाईला म्हणाले, "बाई, जनावर न्हाई तर दावण मोकळी करावी लागती. पन मी कोन्या तोंडानं सांगू? त्याला घरी न्या. असाच उपाशी राह्यला तर आता मानूस बसंल."

कडूबाई रोज भाकरी नेत होती, रोज परत आणत होती. कधी भाकरीबरोबर पिठले, कधी शेजारून मागून आणलेले ताक. बंकट बघायचाही नाही. त्याच्या मनगटाची हाडे वर आली. महिना असा गेला आणि एक दिवस बद्रीनाथ तिला वाटेत भेटला. "कुपन वापरलं का, वहिनी? चारच दिस राह्यले."

तिने तिथेच पिशवीतून पासबुक काढून मला पाहिले. फुगलेली पुरी पाहिली. तिला काय वाटले ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून तिने बंकटच्या मागे टुमणे लावले, "आवं, बीडला चला. एकडाव दोघं चांगलं जेवू." पहिल्या दिवशी तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी तिने त्याच्या पायात चपला घातल्या, दंड धरला, तर तो उठला. ओढली की चालते अशी एखादी वस्तू असावी, तसा.

तो दिवस एकतीस मार्च होता. आणि तो रविवार होता.

उपाहारगृहात गर्दी होती. गल्ल्यावर बिभीषण नावाचा माणूस बसला होता. कडूबाईने पासबुक उघडून त्याच्यापुढे ठेवले.

"मावशी, हे काय? कुपन सुटं द्या. मला हा तुकडा फाडून घ्यावा लागतो. अन् पाठ बघावी लागती."

"कोनाची पाठ?"

"कुपनाची हो. माझी न्हाई." मागच्या टेबलावर कोणी हसले. "पाठीवर सचिवाचा शिक्का असतो. त्याच्याबिगर चालत न्हाई."

"बद्रीनाथनं माझ्याम्होरं मारलाय शिक्का. मी चिटकवलंय."

"कावून चिटकवलं पण?"

"जपून ठेवा म्हनला म्हनून."

बिभीषणने पासबुक जवळ ओढले. त्याने नखाने माझा कोपरा उचकटायचा प्रयत्न केला. मी फाटू लागलो. ज्वारीची खळ कोरडी असेपर्यंत सोडत नाही, ओली झाली की सुटते. कडूबाईला हे माहीत होते. त्या वर्षी तिथे माणशी एकच पेला पाणी मिळायचे. वाढप्याने तिच्यासाठी ठेवलेला पेला तिने उचलला. सकाळपासून ती पाणी प्यायली नव्हती. तिने पेला तिरपा केला आणि पाणी माझ्यावर ओतले.

जेवणारे थांबले. त्या वर्षी कागदावर पाणी ओतणारी बाई कोणी पाहिली नसेल.

"अगं ए बाई, पाणी हाय ते!" कोणीतरी ओरडले.

तिने ऐकले नाही. ती बोटाने पाणी पसरत राहिली, मी मऊ होईपर्यंत. मग एका कडेने हळूहळू मला सोडवले. साडेचार महिन्यांनी माझ्या पाठीला उजेड लागला.

बिभीषणने शिक्का पाहिला. मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. "शिक्का हाय, मावशी. पन आज रविवार. हे बघा, तीन नंबर. रविवारी चालत न्हाई. पुऱ्या पैशात जेवता का?"

"तेवढे न्हाईत. उद्या येते मंग."

"उद्या कसं? मुदत आजच संपली. आता हे रद्दी."

कडूबाई तिथेच उभी राहिली. तिने मला उचलले नाही. मागचे लोक "चला, चला" म्हणू लागले. बंकटला इथवर आणायला तिला चार दिवस लागले होते, आणि तो पुन्हा उठेल अशी तिची खात्री नव्हती.

तेव्हा तिच्या बाजूने एक हात आला आणि त्याने मला गल्ल्यावरून घेतले. बंकटचा हात. त्याने मला डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरले. माझ्यातून पाणी ठिबकत होते. तो वाचू लागला. पहिल्या शब्दाला आवाज फुटला नाही, घोगरी हवा आली. मग आला.

"एक. एका कुपनावर दोन ताटे मिळतील, ती एकाच वेळी घ्यावीत. दोन. कुपनावर सचिवाचा शिक्का असावा. तीन. कूपन रविवारी व सणाच्या दिवशी स्वीकारले जाणार नाही. चार. सभासदाने स्वतः हजर राहावे."

आवाजात राग नव्हता, काहीच नव्हते. ओट्यावर पेपर वाचायचा तसा तो एकसुरी वाचत होता. बिभीषण म्हणाला, "मी तेच सांगतोय की, काका." बंकट थांबला नाही.

"पाच. मुदतीचा शेवटचा दिवस अट क्रमांक तीनमध्ये येत असल्यास कूपन पुढील दिवशी स्वीकारले जाईल. सहा. बाटलीबंद पाण्याचे पैसे वेगळे."

त्याखाली छापखान्याचा पत्ता होता. त्याने तोही वाचला.

बिभीषणने मला परत घेतले, पाचवी ओळ दोनदा वाचली. "आयला," तो म्हणाला, "मी तीनच्या फुडं कधी गेलोच न्हाई. आज असे किती परत पाठवले असतील."

बंकटने कडूबाईकडे पाहिले. महिन्याभरात पहिल्यांदा.

"उद्या येऊ," तो म्हणाला.

"उद्या?"

"लिहिलंय तसं."

परतीला दोघे जीपमध्ये बसले. गाव आधी येते, छावणी पुढे आहे. गावात जीप थांबली तेव्हा कडूबाई त्याचा दंड धरायला वळली, तर तो आधीच उतरला होता.

दुसऱ्या दिवशी बिभीषणने भोकांच्या रेघेवरून माझा तीन सेंटीमीटरचा तुकडा फाडून घेतला. माझी दातेरी कड ती हीच. ताटात दोन पुऱ्या होत्या, चपट्या. चित्रातल्यासारखी एकही फुगलेली नव्हती. वरण आणि वांग्याची भाजी होती. बंकटने पुरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला, बराच वेळ चावला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

कडूबाईचा घास हातातच राहिला. गल्ल्यावरून बिभीषण म्हणाला, "मीठ तिथं डबीत हाय, मावशी. द्या त्यांला."

"देते, भाऊ," ती म्हणाली. पण डबीकडे तिचा हात लगेच गेला नाही. "त्यांला कळलं, बास झालं."

बंकटने अर्धे ताट खाल्ले. दुष्काळ पुढे अडीच महिने राहिला. पवळी परत आली नाही, आणि पासबुकाची पुढची पाने पुष्कळ दिवस कोरी होती.

खरे म्हणजे मी आता निकामी आहे. तरी कडूबाईने मला टाकले नाही. घरी आल्यावर तिने पुन्हा खळ केली आणि मला त्याच पानावर लावले. पण या वेळी तिने फक्त वरच्या कडेला एक बोट खळ लावली. म्हणून आता मी दारासारखा उघडतो. वारा आला की माझी पाठ दिसते.

मित्रांनो, माझी भावंडे कुठे गेली, ते मला माहीत नाही. काही रविवारी जाऊन परत आली असतील, काहींच्या तंबाखूच्या पुड्या झाल्या असतील. तुमच्या हाती कधी असा कागद आला तर त्याला जरूर जपा. पण जपण्याआधी तो उलटा करा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तिसरीवर थांबू नका. तुमच्या घरात कोणी गप्प बसले असेल, तर तो कागद त्याच्या हातात द्या आणि म्हणा, जरा वाचून दाखवता का?