दहावा आवाज

"रोग सांगणारं मशीन नको करू, पोरी," कमळाबाई म्हणाल्या. "बाय काय बोलतेय तेवढं नीट कळू दे. पुढचं डॉक्टर बघतील."

समीक्षाचं पेन थांबलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिनं आणि दीपेशनं ठरवलेला विषय होता 'लक्षणांवरून आजार ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता'. त्यांच्या सत्यजीत सरांनी तो सकाळीच परत केला होता. गेल्या वर्षी चार ग्रुपनी तोच केला होता, तोही इंटरनेटवरच्या तयार इंग्रजी माहितीवर. शुक्रवारपर्यंत नवा विषय द्यायचा होता. कॉलेजातून निघाल्यावर समीक्षा सरळ या दवाखान्यात आली होती.

दवाखाना पनवेलच्या बाजारपेठेमागे, एका ट्रस्टचा. कमळाबाई तिथे अठ्ठावीस वर्षं मावशी म्हणून होत्या. नंबर पुकारायचे, चादरी बदलायच्या, ड्रेसिंगचा ट्रे भरायचा. शिवाय एक काम नेमणुकीच्या कागदात नव्हतं. खाडीकाठच्या गावांतून येणाऱ्या बायका काय म्हणतात, ते बाहेरगावच्या डॉक्टरांना समजावून सांगायचं.

"पण मावशी, बोललेलं लिहून काढणारं सॉफ्टवेअर आधीच आहे," समीक्षा म्हणाली. "फोनमध्येच असतं. बोलून बघा."

कमळाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. "मना रातच्याला कसकस येते."

मला रात्री तापाची कणकण येते, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. फोननं लिहिलं, 'मन राजाला कसे कसे येते.'

दोघी हसल्या. मग समीक्षा हसायची थांबली. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, आणखी चार वाक्यं बोलायला लावली. फोननं एकही धड लिहिलं नाही.

"मावशी, हाच विषय. तुमची बोली समजणारं सॉफ्टवेअर," ती म्हणाली.

समीक्षा इथेच का आली, ते कमळाबाईंना माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी तिची आजी सखूबाई उरणकडच्या गावाहून इथे आल्या होत्या. पोटावर हात दाबून एकच म्हणत होत्या, "मना गच्च धरलंय." नव्या डॉक्टरांनी गॅसची गोळी लिहायला घेतली. ट्रे घेऊन उभ्या असलेल्या कमळाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हात पोटावर हाय, पण बोलतेय ती छातीचं. गच्च धरलंय असं आमी पोटाला नाय म्हणत." डॉक्टरांनी रागावण्याऐवजी सखूबाईंकडे नीट पाहिलं आणि कार्डिओग्राम काढला. अर्ध्या तासात सखूबाई मोठ्या इस्पितळात पोचल्या. त्यानंतर पाच वर्षं जगल्या, नात इंजिनिअरिंगला लागलेली पाहून गेल्या. दर दिवाळीला त्यांच्याकडून कमळाबाईंना तांदळाचं पीठ यायचं. आजी गेल्यावरही समीक्षानं ते बंद होऊ दिलं नव्हतं.

सत्यजीत सरांना विषय आवडला, पण ते भुलले नाहीत. "मशीन शिकणार कशावरून? अशा बोलीचं रेकॉर्डिंग कुठेही तयार मिळणार नाही. तुम्हालाच करावं लागेल. पेशंट तपासताना रेकॉर्ड करायचं नाही. घरी जायचं, लेखी परवानगी घ्यायची. आणि सगळी बोली पकडायला जाऊ नका. फक्त दुखण्याची वाक्यं. शुक्रवारी मला दहा बायकांचे आवाज ऐकवा. दहा जमले तर तीस जमतील. नाहीतर विषय बदला."

मंगळवारी संध्याकाळी कमळाबाईंनी खाडीकाठच्या आपल्या घराच्या ओटीवर गावातल्या बायकांना बोलावलं. कुणीच येईना. "आवाज घेऊन काय करतील, काय भरवसा?" शेजारीण म्हणाली. तेव्हा कमळाबाई चपला घालून दारोदार फिरल्या. "सखूबाईची नात हाय. नाव कुठं लिवणार नाय. मी बसलेय ना बाजूला!"

दोन दिवसांत एकेक करून बायका आल्या. दीपेश परवानगीचा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, समीक्षा रेकॉर्डिंग घ्यायची. करंजाहून मैना कोळीण बहिणीकडे आली होती, तीही बसली. तिला तीन वाक्यं सांगायची होती. मासळीच्या बर्फात हात घालून बोटं कशी बधिर होतात, तिथपासून सुरुवात करून ती वीस मिनिटं बोलली. दीपेशनं घड्याळाकडे पाहिलं. समीक्षानं त्याला खुणेनं गप्प केलं.

गुरुवारी दिवेलागणीपर्यंत नऊ आवाज झाले. दहावी यायची होती ती गोदू, पण नातवाला ताप आला म्हणून ती आलीच नाही. दीपेश वायर गुंडाळू लागला.

"मावशी," समीक्षा म्हणाली, "तुम्ही बसा ना."

"मी? मना काय झालंय?"

"तेच सांगा. तुमचं काय दुखतं?"

कमळाबाई हसल्या. मग हसू तसंच ओठांवर राहिलं. अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी हजारो बायकांना विचारला होता. त्यांना तो कुणी विचारला होता, ते आठवेना. दीपेशनं पुढे केलेल्या परवानगीच्या कागदावर त्यांनी सही केली. फोनवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकू लागला.

"डावा गुडघा," त्या हळूच म्हणाल्या. "जिना चढताना चमक निघते. वरच्या मजल्यावर चादरी न्यायला लागतात ना." मग म्हणाल्या, "आनि आमचे मालक गेले तवापासून सकाळी उठल्यावर छातीत रिकामं लागतं. दुखत नाय. नुसतं रिकामं. ते कोनाला सांगायचं, कळलंच नाय कवा."

त्या बोलत राहिल्या. समीक्षा डोळे पुसत होती, पण फोन धरलेला हात तिनं हलू दिला नाही.

शुक्रवारी दुपारी दवाखान्यात कमळाबाईंचा फोन वाजला.

"मावशी, मंजूर! सहा महिन्यांचा प्लॅन पास झाला. पहिले दोन महिने नुसतं ऐकायचं, असं सरांनी स्वतः लिहून दिलंय. तुमच्यामुळे झालं हे."

"माज्यामुळं कसलं? बायका बोलल्या." कमळाबाई घुटमळल्या. "माजं ऐकलं सरांनी?"

"पूर्ण ऐकलं. मधे कुठेच थांबवलं नाही. आणि गुडघा डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय."

"बरं झालं हो, पोरी. लई बरं वाटलं."

त्यांनी फोन ठेवला. मग केसपेपर काढण्याच्या खिडकीशी जाऊन त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, कागद घेतला आणि तो हातात धरून रांगेत शेवटच्या बाईच्या मागे उभ्या राहिल्या.