फळ्यावरचं नाव

"फोडा काका पिशवी, नाव सापडेलच," सरपंच रसिका म्हणाली.

मी फोडणारच होतो. ग्रामपंचायतीचा शिपाई मी, पण चार महिने माझं खरं काम हेच. पऱ्यात, म्हणजे गावच्या ओढ्यात, कोणी कचरा टाकला की उतरायचं, पिशवी उपसायची. लाइटबिल, कुरिअरचं खोकं, काहीतरी नावाचं निघतंच. ते नाव पंचायतीच्या फळ्यावर लिहायचं. हा नियम मीच ग्रामसभेत भांडून करून घेतला. पऱ्याचं पाणी वाडीच्या विहिरीत झिरपतं. पोरांना कावीळ झाली तेव्हा सगळे नुसते हळहळले. मला हळहळणं जमत नाही, माझं डोकंच फिरतं.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या फारुकचं नाव लागलं. बिचारा कळवळून सांगत होता, "भिकूदादा, मी सामान भंगारवाल्याला दिला होता. त्यानं टाकलान." मी कसला ऐकतोय! "नाव तुझा, मग तुझाच लिवणार," म्हटलं. तरी आज तोच कोयती घेऊन मदतीला आला होता.

पिशवी फाडली. आधी एक हिरवं पातळ निघालं. कोण हे माजलेले, चांगलं पातळ फेकून देतात! खाली पिवळा लखोटा, लखोट्यात एक्स-रे. कोपऱ्यात नाव होतं : मैना भिकाजी गमरे, वय ५८.

माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

आई गं! मी पातळावरचा चिखल पुसला. तिचं सगळं ज्यात ठेवलं होतं ती ट्रंक तर घरात जागच्या जागी होती. उघडायचा धीर मला कधी झाला नव्हता, एवढंच. मुंबईला मुलाला, महेंद्रला, फोन लावला. गेल्याच आठवड्यात तो घराला रंग द्यायला आला होता.

"बाबा, कपड्यांना कसर लागलेली. ट्रंक रिकामी केली. टेम्पोवाल्याला कचरा डेपोवर टाक म्हणून सांगितलं होतं."

"माका नाय इचारलास?"

"तुम्ही दिली असतीत?"

मी फोन ठेवला. माझ्या पोटच्या पोराने केलं हे!

फारुक जवळ आला. "दादा, आज नको लिवू. आमी कोनाला सांगनार नाय." रसिकानेही होकाराची मान हलवली.

"फारुक, त्या दिवशी तुझा आयकायला हवा होता मी," मी म्हटलं. "चुकलो रे."

आणि पऱ्यातून वर आलो. पंचायतीत जाऊन खडू घेतला. मेलेल्या बाईचं नाव कसं लिहिणार? माझं लिहिलं, आडनावासकट, सगळ्यांना दिसेल असं ठळक. पुढच्या रकान्यात काय टाकलं ते लिहायचं असतं. वरच्या नावांपुढे कोणाचं प्लॅस्टिक होतं, कोणाच्या बाटल्या. मैनाच्या पातळाला कचरा म्हणून लिहायला हात होईना. तो रकाना कोरा ठेवला आणि परत पऱ्यात उतरलो. अजून दोन पिशव्या उघडायच्या होत्या.