खोलगटातला गहू

रविवारी पहाटे दव गोठलं. आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलियात सप्टेंबरात गहू फुलोऱ्यात असतो आणि नेमका तेव्हाच हा तडाखा बसतो. ओंबीत काय मेलं, काय वाचलं हे लगेच दिसत नाही. पाच-सहा दिवस थांबावं लागतं. माझा नवरा मर्व्हिन कसाबसा थांबला. शनिवारी सकाळी फाटकाजवळच्या दहा ओंब्या सोलून आला.

"सगळा गेला, नोरीन. ग्लेनला बोलावलंय. चाऱ्यासाठी कापून टाकू."

"सगळा?"

"दहाच्या दहा मेल्यात. अजून काय बघायचं?"

आमचं फाटक शेताच्या अगदी खोलगटात आहे. थंडी पाण्यासारखी उतरून तिथे साचते. बत्तीस वर्षांत हे त्याला कळलं नव्हतं असं नाही, पण धसका घेतलेल्या माणसाला हाताशी येईल ती ओंबी पुरते. कापलेला गहू पुन्हा उभा राहत नाही, आणि आमचं सगळं वर्ष त्या एका शेतावर होतं.

माझी रोजची पन्नास प्रार्थनांची रोझरीची जपमाळ व्हायची होती. ती घेऊनच निघाले. फाटकापासून टेकाडापर्यंत सरळ चालायचं. दर मण्याला एक प्रार्थना, एक ओंबी. नखाने फूल उघडायचं. आतले बारीक तुरे पांढरे, सुकलेले दिसले तर ओंबी डाव्या खिशात; पिवळे, टवटवीत दिसले तर उजव्या. पहिल्या तेरा डावीकडे गेल्या. तेव्हा तेराव्या मण्याची प्रार्थना मी दोनदा म्हटली, खोटं कशाला सांगू. चौदावी पिवळी निघाली. मग पन्नासावीपर्यंत सगळ्या पिवळ्याच.

परतले तर कापणीवाला ग्लेन यंत्र घेऊन फाटकात उभा. मी दोन्ही खिसे त्याच्या गाडीवर रिकामे केले. मर्व्हिनने आपल्या जाड अंगठ्याने उजवीकडच्या ओंब्या उघडून पाहिल्या. एक, दोन, पाच.

ग्लेन म्हणाला, "मर्व्ह, थंडी पडली का ते बघायला तू फ्रीजच उघडलास की रे!"

मर्व्हिनचे कान लाल झाले. "कापायचं कुठवर?" त्याने मला हळूच विचारलं.

चौदावी ओंबी खुडली तिथे मी त्यांना नेलं. ग्लेनने तेवढाच खालचा पट्टा कापला. दुपारपर्यंत ओल्या चाऱ्याचा गोड वास घरापर्यंत आला.

जेवायला हाक मारायला गेले तर मर्व्हिन उभ्या गव्हात वाकलेला, एकामागून एक ओंबी सोलतोय.

"पुरे आता," मी म्हटलं, "डिसेंबरात कापायला काही राहू दे!"

"ही शेवटची," तो म्हणाला आणि आणखी एक खुडली.