गोड्या पाण्यापर्यंत

मी एक नकाशा बोलतोय. नकाशाने कसं घडी घालून कपाटात बसावं! मी खोलीभर जमिनीवर पसरलोय आणि भिंतीवर डोकं आपटतोय.

माझे कर्ते अण्णा. मोजणी कचेरीत त्यांची हयात नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "आता सप्तद्वीपांचा काढतो." कागदाला कागद जोडला, मधोमध मेरूपर्वत म्हणून खिळा ठोकला आणि त्याला दोरी बांधून वर्तुळं काढायला बसले. जंबूद्वीप कोटाच्या बटणाएवढं. भोवती खारा समुद्र, मग प्लक्षद्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र. प्रत्येक द्वीप आधीच्या द्वीपाच्या दुप्पट, असं पोथीत आहे, आणि पोथीचा शब्द अण्णा खाली पडू देत नसत.

दुप्पट म्हणजे काय चीज आहे, हे मोजणीवाल्याला कळू नये? पाचव्या, दह्याच्या समुद्रालाच भिंत लागली. दुधाचा आणि गोड्या पाण्याचा समुद्र राहिले बाहेर.

"अण्णा, पुढचं जरा दाटीवाटीने बसवा की," लेक म्हणाली.

"प्रमाण मोडू? मी?"

मग पाय गेले. अण्णा पलीकडच्या खोलीत खाटेला खिळले. रोज सकाळी विचारत, "गोडं पाणी आलं का गं?" लेक म्हणे, "येतंय." मला ते ऐकवत नसे. तळमळून माझ्या कडा वर उचलत.

एका दुपारी ती कात्री घेऊन आली. "अख्खी वर्तुळं कशाला? एक पट्टी पुरे." तिने माझ्या कडेला पट्टी चिकटवली आणि दोरीने मोजत दाराबाहेर नेली. शाकद्वीप, दूध, पुष्करद्वीप. उंबरा ओलांडून निळा रंग थेट खाटेशी पोचला. तिने खाट तसूभरही सरकवली नव्हती.

अण्णांनी आधी फूटपट्टी मागितली. मोजलं. "बरोबर आहे," म्हणाले आणि हात खाली सोडून ओल्या रंगात बोट बुडवलं. त्यांचे डोळे भरून आले. मी जन्मात पहिल्यांदा स्वस्थ पडलो.

तेवढ्यात ते पुटपुटले, "पुढे सोन्याची भूमी. याच्या दुप्पट."

लेकीने बाहेरच्या दाराकडे पाहिलं. हसता हसता ती रडायला लागली.

अण्णा गेले त्याला महिना झाला. येणारेजाणारे म्हणतात, "आता गुंडाळ हे." ती गुंडाळत नाही, मला ओलांडून ये-जा करते. खाट उचलली तिथे माझी कड पुन्हा वर येऊ लागलीय. बाई गं, कागद आण, दोरी आण. आणि ते बाहेरचं दार तेवढं उघड.