बारा ते दोनचा पहारा

सप्ताहाचा चौथा दिवस. मारुतीच्या देवळापुढचा मांडव दुपारच्या उन्हानं तापला होता. गोजरबाई खांबाला टेकून बसली होती. तोंडानं विठ्ठल विठ्ठल चालू होतं, पण नजर थोरल्या भावाच्या हातांवर खिळली होती. धर्मराजच्या गळ्यात वीणा होती.

ही वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांच्या पहाऱ्यानं ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात असेल त्यानं उभं राहून नाम चालू ठेवायचं. वीणा पडली की सप्ताह मोडला. या गावात असं कधी घडलं नव्हतं. ते आज आपल्या घराच्या हातून घडतंय की काय, म्हणून गोजरबाई बारा वाजल्यापासून मांडवातून हलली नव्हती.

धर्मराज विलायतेत टीव्हीवर कामं करायचा. शिकायला म्हणून गेला, नाटकाच्या नादी लागला आणि तिकडचाच झाला. पस्तीस वर्षांत तो काय काय नाही झाला! आधी एका वाक्याचा डॉक्टर, मग कोपऱ्यावरचा दुकानदार, बसचा कंडक्टर, चहाच्या जाहिरातीतला महाराजा. एकदा तर अंगाला निळा रंग फासून दुसऱ्या ग्रहावरचा माणूस. शेवटी शेवटी न्यायाधीश. तो कॅसेटी पाठवायचा. अंबडहून व्हीसीआर भाड्यानं आणला की अख्खं गाव देवळापुढं जमायचं. भाषा कुणाला कळत नसे, पण धर्मराज दिसला की शिट्ट्या.

"विलायतेत कुणी बी आजारी पडो, डॉक्टर आपलाच लागतो," शेजारचा सर्जेराव म्हणायचा. "पण एकदा गोळी दिली की हा जातो कुठं? पुन्हा दिसतच न्हाई!"

यंदा दिवाळीनंतर धर्मराज कायमचा परत आला. "कंटाळलो, गोजर. आता कीर्तनं ऐकणार," म्हणाला. गोजरबाईला आभाळ ठेंगणं झालं. पण महिनाभरात तिला एकेक दिसायला लागलं. चहा पिऊन झाल्यावर चहा मागणं. चष्मा पिठाच्या डब्यात. लहानपण गेलं त्या बोळात घर न सापडणं. तिनं विचारलं की तो भुवया उडवून असा काही विनोद करी, की तिला हसूच फुटे. मग रात्रभर जाग. हसला तो भाऊ होता, की भावाचं सोंग? आयुष्यभर तोंडं बदलून पोट भरलेल्या माणसाचं खरं तोंड ओळखायचं तरी कसं?

कारण आईचं असंच सुरू झालं होतं. तुळजाबाईनं आधी कणकेत तीनदा मीठ घातलं. पुढं एक दिवस, वेणी घालणाऱ्या गोजरबाईलाच विचारलं होतं, "तू कोणाची गं?" नंतरची चार वर्षं गोजरबाईनं ते रोज ऐकलं होतं.

म्हणून सप्ताहाच्या मंडळानं धर्मराजला पहारा द्यायचं ठरवलं तेव्हा ती आडवी आली होती. "दादा, नगं. तुझे पाय दुखतेत."

"अगं, उभं तर राहायचं. एकच नाम. त्याला पाठांतर लागत न्हाई," तो पटकन बोलून गेला, आणि तिला पाठांतर हा शब्द उगाच खुपला.

दोन वाजले. पुढचा पहारेकरी तातेराव, धर्मराजचा लहानपणचा सवंगडी, पाय धुऊन आला. वीणेला डोकं टेकवून त्यानं हात पुढं केले.

धर्मराजचे ओठ थांबले. तो तातेरावकडं बघत राहिला, अनोळखी माणसाकडं बघावं तसा. वीणा छातीशी घट्ट धरून मागं सरकला आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. गोजरबाईला ते डोळे दिसले. आईचे डोळे.

टाळ गडबडले. आणि मग मागून कुणीतरी ओरडलं, "भाव लागला! धर्मराजबापूची समाधी लागली!"

झालं. बायाबापड्या उठल्या. कुणी पायावर डोकं ठेवलं, कुणी बुक्का लावला. सर्जेराव हात जोडून म्हणाला, "विलायत पाहून आला, पण देवानं ह्यालाच धरलं!"

गर्दीत धर्मराजनं हळूच हनुवटी वर केली, डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं. हे तोंड गोजरबाईनं कॅसेटीत पाहिलं होतं. न्यायाधीश शिक्षा सुनावण्याआधी असाच थांबायचा. पण हात सैल पडले होते. पट्टा खांद्यावरून उतरत होता. वीणा बोट बोट खाली घसरत होती, आणि ते एकट्या तिलाच दिसत होतं.

ती उठली. कुणाच्या तरी हातातले टाळ ओढून घेतले आणि गर्दीत घुसून भावाच्या कानाशी उभी राहिली. "विठ्ठल, विठ्ठल," तिनं ठेका धरला. एकदा, दहादा. त्याचे ओठ हलले. नाम लागलं. त्यानं मान वळवून हळू विचारलं,

"तू कोणाची गं?"

तिनं टाळ थांबू दिला नाही. "तुझीच. गोजर. आता वीणा तातेरावला दे."

त्यानं दिली. तातेरावच्या गळ्यात पट्टा बसला तेव्हाच गोजरबाईनं टाळ ज्याचे त्याला परत दिले.

"पाया पडू नका," धर्मराज लोकांना सांगत होता. "अरे, मी हरवलो व्हतो. मला काही कळंना गेल्तं."

"हरवलो म्हंतेत! आपल्याला कवा जमायचं असं हरवणं," एक म्हातारी म्हणाली आणि पुन्हा वाकली. उद्याचा बारा ते दोनही धर्मराजचाच, असं मंडळानं तिथल्या तिथं ठरवलं.

घरी आल्यावर तो उंबऱ्यातच बसला.

"हे तिकडं कवापासून व्हतं?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं. कॅमेरा चालू, आन् वाक्यच गायब. आडोशाला एक बाई बसवली, कानात सांगायला. तरी जुळंना. मंग कामच बंद."

"मला न्हाई सांगितलंस?"

"आईचं सारं तूच केलंस. पुन्हा कोणत्या तोंडानं सांगू?"

तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग जे विचारायची धास्ती वाटत होती तेच विचारलं. "देवापुढं सोंग केलंस, दादा?"

"डोळे मिटले ते सोंग. पाणी आलं ते न्हाई." तो हाताकडं बघत राहिला. "उद्या न्हाई म्हणून सांग. पडली तर?"

न्हाई म्हटलं तर गाव घरी येऊन कारण विचारील. आणि त्याला एकट्यालाच धाडलं तर? तिनं ओचा खोचला. "सांगणार न्हाई. मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुरुषांच्या रांगेत टाळ घेऊन बाई उभी राहिली तेव्हा कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बहिणीलाही भाव लागला. गोजरबाईनं ऐकलं नाही. ती पट्ट्याकडं बघत होती. साडेबाराला धर्मराज तिच्याकडं वळला, पाऊण वाजता पुन्हा वळला, एक वाजता पुन्हा.

"तू कोणाची गं?"

"गोजर. तुझी," ती टाळाच्या ठेक्यात सांगायची, आणि दोन वाजायला अजून किती मिनिटं आहेत ते बघायची.