जांभळ्या दिव्याखाली

आमच्या तपासणीच्या खोलीत खोटा दाखला पकडायला फार अक्कल लागत नाही. जांभळा दिवा लावायचा. खरा कागद त्याखाली काळसर राहतो, फक्त आतले बारीक धागे चमकतात. बाजारातला साधा कागद मात्र निळापांढरा लखलखतो. लखलखला, की मारायचा लाल शिक्का.

ताई भाचीला घेऊन आली, तेव्हा मी कौतुकानंच दिवा लावला. पोरीला इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. तिच्या दाखल्यावर आमचा हिरवा शिक्का पडला, की उद्या कामावर रुजू. आणि कागद लखलखला!

या पोरीला मी कडेवर घेऊन फिरवलंय.

"कुठून आणलास गं हा?"

"कॉलेजातून, मावशी."

"नापास झाली असशील तर तसं सांग. मला शेंडी लावू नकोस."

ती रडकुंडीला आली. ताई भडकलीच. "तोंड सांभाळून बोल! डोळे फुटेस्तोवर अभ्यास केलाय तिनं."

"ताई, हा दिवा खोटं बोलत नाही."

मी लाल शिक्का उचलला, पण हात काही खाली जाईना. उगाच वेळ काढायला कागद पुन्हा दिव्याखाली सरकवला, आणि बघते तर काय, चमक सगळीकडे सारखी नव्हतीच. हात फिरवल्यासारखे पट्टे होते. एक कोपरा चांगला काळसर, आणि त्यात लाल-निळे धागे अगदी हवे तसे.

"ताई, हा पुसलास का तू?"

"मग? चहाचा डाग पडला होता. कळकट कागद दिला असता तर लोकांनी तुलाच नावं ठेवली असती. साबणाच्या पाण्यात फडका बुडवून अलगद पुसला."

कपड्यांचा साबण! कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून त्यात जे घालतात, तेच दिव्याखाली चमकतं. नव्या लोकांना हे मीच शिकवते, आणि घरच्या पोरीच्या वेळी नेमकी विसरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी हिरवा शिक्का मारला. "खरा आहे गं ताई, शंभर टक्के खरा."

ताईनं दाखला पर्समध्ये ठेवला. "ते मला दिव्याशिवाय ठाऊक होतं."

एरवी दारातून दोनदा "येते हं मावशी" म्हणणारी भाची तिच्या मागोमाग गप्प निघून गेली.